नॉर्मन ब्लॅक

नॉर्मन ब्लॅक (जन्म : १२ नोव्हेंबर १९५७, बाल्टिमोर, मेरिलँड, अमेरिका) हे फिलिपिन्समध्ये कारकीर्द घडविलेले अमेरिकन बास्केटबॉलपटू व प्रशिक्षक आहेत. अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, त्यांना केवळ तीन सामने खेळावयास मिळाले. १९८१ मध्ये काही महिन्यांच्या करारावर ते मनिलाला गेले आणि पुढची चार दशके तेथील बास्केटबॉलशी जोडलेले राहिले. फिलिपिन्स बास्केटबॉल असोसिएशन (पीबीए) या लीगमध्ये प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावावर ११ विजेतेपदे असून १९८९ मध्ये सॅन मिगेल संघाला त्यांनी एकाच वर्षातील तिन्ही स्पर्धा जिंकून दिल्या. विद्यापीठीय स्पर्धेत आतेनेओ दे मनिला विद्यापीठाच्या संघाने त्यांच्या मार्गदर्शनाखाली २००८ ते २०१२ अशी सलग पाच विजेतेपदे मिळविली.

पूर्वायुष्य

ब्लॅक यांचे शालेय शिक्षण बाल्टिमोर येथे व महाविद्यालयीन शिक्षण फिलाडेल्फियातील सेंट जोसेफ्स विद्यापीठात झाले. विद्यापीठाच्या संघातून ते १९७९ पर्यंत खेळले. अमेरिकेत दरवर्षी शेकडो विद्यापीठांतून असे गुणी खेळाडू बाहेर पडतात आणि एनबीएमध्ये नव्या खेळाडूंसाठी फार थोड्या जागा असतात. ज्यांना जागा मिळत नाही, ते दुय्यम लीगमध्ये अल्प मानधनावर खेळत बोलावण्याची वाट पाहतात. एखाद्या संघातील खेळाडू जायबंदी झाला, तर त्याच्या जागी दहा-पंधरा दिवसांचे काम मिळते आणि तो बरा झाला की ते संपते. एकाच संघात स्थिरावण्याचे भाग्य ज्यांच्या वाट्याला येत नाही, अशा फिरत्या खेळाडूंचा हा वर्ग बराच मोठा आहे. ब्लॅक त्यांपैकीच एक होते. कॉन्टिनेन्टल बास्केटबॉल असोसिएशन या दुय्यम लीगमध्ये ते खेळले आणि १९८०–८१ च्या हंगामात डेट्रॉइट पिस्टन्सने त्यांना बोलावून घेतले. त्या हंगामात ८२ पैकी केवळ २१ सामने जिंकणाऱ्या या दुबळ्या संघातही त्यांच्या वाट्याला तीनच सामने आले. त्यांची एनबीएतील कारकीर्द तेथेच आटोपली.

‘आयात’ खेळाडू

फिलिपिन्समध्ये बास्केटबॉल रुजला तो अमेरिकन राजवटीच्या काळात. शाळा व वायएमसीए यांच्यामार्फत आलेला हा खेळ तेथे राष्ट्रीय छंद बनला. १९५४ च्या जागतिक स्पर्धेत फिलिपिन्सने कांस्यपदक मिळविले होते. पीबीए १९७५ मध्ये स्थापन झाली. ती आशियातील सर्वांत जुनी व्यावसायिक बास्केटबॉल लीग मानली जाते. तिचे संघ शहरांचे नसतात, कंपन्यांचे असतात, आणि त्यांना कंपनीच्या उत्पादनाचे नाव दिलेले असते. त्यामुळे बिअर, रम, कॉफी, रंग, कृत्रिम धागा अशी नावे धारण केलेले संघ एकमेकांशी झुंजताना दिसतात. मालकाने उत्पादन बदलले की संघाचे नावही बदलते. जुन्या नोंदी वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सॅन मिगेल, मॅग्नोलिया अशी वेगवेगळी नावे आढळतात, पण संघ तोच असतो.

या लीगचा हंगाम तीन स्वतंत्र स्पर्धांमध्ये विभागलेला असे. प्रत्येक स्पर्धेला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. तिन्हींपैकी एक केवळ फिलिपिनो खेळाडूंची. उरलेल्या दोहोंमध्ये संघांना परदेशी, बहुधा अमेरिकन, खेळाडू घेता येत. अशा खेळाडूला तेथे ‘इम्पोर्ट’ म्हणजे आयात केलेला असे म्हणतात. हा शब्द मालासाठी वापरला जाणारा आहे आणि व्यवहारही जवळजवळ तसाच चालतो. आयात खेळाडूने सामन्यात तीस-चाळीस गुण करावेत, उसळलेले चेंडू मिळवावेत, प्रतिस्पर्ध्याच्या आयात खेळाडूला रोखून धरावे आणि हे सारे जवळपास पूर्णवेळ मैदानावर राहून करावे, अशी अपेक्षा असते. दोन-तीन सामने हरले की संघ दुसरा खेळाडू मागवतो आणि आधीच्याला परतीचे तिकीट मिळते. काही स्पर्धांमध्ये आयात खेळाडूंच्या उंचीवरही मर्यादा घातलेली असते व आल्याबरोबर त्यांची उंची मोजली जाते.

ब्लॅक १९८१ मध्ये टेफिलिन या संघाकडून आले. पुढच्याच वर्षी ते सॅन मिगेलकडे गेले आणि आरन जेम्स या दुसऱ्या अमेरिकन खेळाडूच्या जोडीने त्यांनी १९८२ ची इन्व्हिटेशनल स्पर्धा संघाला जिंकून दिली. अंतिम फेरीत त्यांनी क्रिस्पा या त्या काळच्या बलाढ्य संघाला नमविले.

पीबीएमध्ये आलेल्या आयात खेळाडूंमध्ये ब्लॅक यांच्यापेक्षा अधिक प्रतिभावान खेळाडू होते. क्रिस्पाकडून खेळलेला बिली रे बेट्स हा त्यांपैकी सर्वांत गाजलेला. तथापि मोठे नाव घेऊन आलेले अनेक जण या मुक्कामाकडे तात्पुरती सोय म्हणून पाहत. ब्लॅक प्रत्येक सामन्यात, बचावात आणि आक्रमणात, सारख्याच निष्ठेने खेळत. संघ मोठ्या फरकाने मागे असतानाही त्यांचे धावणे कमी होत नसे. यावरून त्यांना ‘मिस्टर हंड्रेड पर्सेंट’, म्हणजे शंभर टक्के देणारा, हे नाव पडले व ते कायमचे चिकटले. संघ त्यांना पुन्हा पुन्हा बोलावीत राहिले यामागे गुणांच्या आकड्यांइतकाच या स्वभावाचाही वाटा होता, असे म्हणावे लागेल. पीबीएमध्ये सर्वाधिक गुण नोंदविणाऱ्या आयात खेळाडूंत त्यांची गणना होते.

खेळाडू-प्रशिक्षक

१९८५ मध्ये, तेव्हा मॅग्नोलिया या नावाने उतरणाऱ्या सॅन मिगेलच्या संघाने, ब्लॅक यांच्याकडे प्रशिक्षकपद सोपविले. ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते आणि खेळणे त्यांनी सोडलेले नव्हते. खेळाडू-प्रशिक्षकाला चेंडूमागे धावता धावता बदली कोणाला करावयाची, विश्रांतिकाळ केव्हा मागावयाचा हे ठरवावे लागते. ज्यांना तो बाकावर बसवतो, त्यांच्याच खांद्याला खांदा लावून त्याला पुढच्या क्षणी खेळावयाचे असते. येथे आणखी एक अडचण होती. काल-परवापर्यंत जो करारावर आलेला पाहुणा होता, तो आता स्थानिक खेळाडूंना आज्ञा देणार होता. फिलिपिन्समधील प्रशिक्षकांची संघटना परदेशी प्रशिक्षकांच्या नेमणुकांना पुढील काळात वेळोवेळी हरकत घेत आली आहे. हा प्रश्न तेथे किती नाजूक आहे, हे त्यावरून कळते.

१९८७ च्या अखेरच्या स्पर्धेत सॅन मिगेल विजेता ठरला. ब्लॅक यांचे प्रशिक्षक म्हणून हे पहिले विजेतेपद. त्या स्पर्धेत संघाचा आयात खेळाडू होता बॉबी पार्क्स. पुढे शेल संघाकडून खेळताना तो पीबीएच्या इतिहासातील सर्वांत नावाजलेला आयात खेळाडू ठरला. सर्वोत्कृष्ट आयात खेळाडूच्या पुरस्काराला आज त्याचेच नाव आहे. १९८८ मध्ये सॅन मिगेलने आणखी दोन स्पर्धा जिंकल्या.

१९८९ चे ‘ग्रँड स्लॅम’

एका हंगामातील तिन्ही स्पर्धा जिंकण्याला पीबीएमध्ये ‘ग्रँड स्लॅम’ म्हणतात. १९८९ पूर्वी हे केवळ क्रिस्पा संघाला साधले होते : १९७६ मध्ये बेबी डालुपान यांच्या आणि १९८३ मध्ये टॉमी मानोटोक यांच्या मार्गदर्शनाखाली. हे अवघड असण्याचे कारण स्पर्धांच्या रचनेत आहे. आयात खेळाडूंच्या स्पर्धेत संघाचा बराच भार एका माणसावर पडतो. केवळ देशी खेळाडूंच्या स्पर्धेत तो माणूसच नसतो. एका प्रकारच्या खेळासाठी बांधलेला संघ दुसऱ्या प्रकारात बहुधा लंगडा पडतो.

सॅन मिगेलजवळ त्या वर्षी दोन्ही प्रकारांना पुरून उरतील असे देशी खेळाडू होते. रॅमन फर्नांडेझ हा फिलिपिनो बास्केटबॉलमधील सर्वश्रेष्ठ मध्यरक्षकांपैकी एक. १९८८ मध्ये आबेट गिदाबेन याच्या बदल्यात तो प्युअरफूड्स संघातून आला होता. चेंडू खेळविणारा हेक्टर काल्मा, हवेत झेपावून गुण करणारा सॅम्बॉय लिम आणि नव्याने लीगमध्ये आलेला आतो आगुस्तिन हे इतर प्रमुख खेळाडू. ब्लॅक यांनी स्वतः खेळण्याऐवजी बाकावरून संघ चालविला आणि आयात खेळाडू म्हणून मायकेल फेल्प्स व पुढे एनिस व्हॉटली यांना घेतले. व्हॉटली हा स्वतःच्या गुणांपेक्षा इतरांना संधी निर्माण करून देणारा खेळाडू होता. सारे काही करणारा आयात खेळाडू मागविण्याची जी रीत होती आणि जिच्यावर स्वतः ब्लॅक यांची कारकीर्द उभी राहिली होती, तिच्या अगदी उलट ही निवड होती.

पहिल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत सॅन मिगेलने शेलचा पराभव केला, दुसऱ्या, संपूर्ण फिलिपिनो स्पर्धेत प्युअरफूड्सचा आणि तिसऱ्या स्पर्धेत आन्येहो रम संघाचा. आदल्या वर्षीची अखेरची स्पर्धा धरता ही सलग चार विजेतेपदे झाली. त्यानंतर पीबीएमध्ये ग्रँड स्लॅम साधले ते टिम कोन या प्रशिक्षकांनी, १९९६ मध्ये अलास्का संघासह व २०१४ मध्ये सॅन मिग कॉफी संघासह. कोन हेही मूळचे अमेरिकन, मात्र त्यांचे बालपण फिलिपिन्समध्ये गेलेले. ब्लॅक यांच्या उत्तरायुष्यात हे नाव वारंवार येते.

ब्लॅक १९९६ पर्यंत सॅन मिगेलचे प्रशिक्षक होते. १९९२, १९९३ व १९९४ मध्ये प्रत्येकी एक स्पर्धा जिंकून या संघासह त्यांच्या विजेतेपदांची संख्या नऊ झाली.

१९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत फिलिपिन्सचा राष्ट्रीय संघ सॅन मिगेलच्या खेळाडूंभोवती उभारण्यात आला व त्याचे प्रशिक्षकपद ब्लॅक यांना देण्यात आले. १९९० मध्ये बीजिंगला व्यावसायिक खेळाडूंच्या पहिल्या फिलिपिनो संघाने रौप्यपदक मिळविले असल्याने अपेक्षा मोठ्या होत्या. संघ चौथा आला. कांस्यपदक यजमान जपानकडे गेले. बास्केटबॉलमधील पराभव राष्ट्रीय दुःख मानणाऱ्या देशात चौथ्या क्रमांकाचे कौतुक होणे शक्य नव्हते.

मधली वर्षे

सॅन मिगेल सोडल्यावर ब्लॅक यांनी पॉप कोला व नंतर सांता लुसिया या संघांना मार्गदर्शन केले. सांता लुसिया हा बांधकाम व्यावसायिकांचा संघ; तोवर त्याला एकही विजेतेपद मिळाले नव्हते. २००१ च्या गव्हर्नर्स कप स्पर्धेत त्याने पहिले विजेतेपद पटकावले आणि अंतिम फेरीत ४–२ असा ज्याचा पराभव केला तो संघ सॅन मिगेल होता.

आतेनेओ : सलग पाच

२००५ मध्ये ब्लॅक आतेनेओ दे मनिला या जेझुइट विद्यापीठाच्या ‘ब्लू ईगल्स’ संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. व्यावसायिक लीगमधून विद्यापीठात येणे ही पायउतार होण्यासारखी गोष्ट वाटेल, परंतु फिलिपिन्समध्ये तसे नाही. मनिला परिसरातील आठ विद्यापीठांची यूएएपी ही स्पर्धा भरगच्च प्रेक्षागारांत खेळली जाते व दूरचित्रवाणीवर देशभर पाहिली जाते. आतेनेओ आणि द ला साल यांच्या लढतीचे पडसाद तर सामना संपल्यावरही बराच काळ उमटत राहतात.

आरंभ कटू होता. २००६ च्या अंतिम फेरीत आतेनेओने पहिला सामना शेवटच्या क्षणी जिंकला, पण पुढचे दोन्ही गमावले. तिसऱ्या व निर्णायक सामन्यात सांतो तोमास विद्यापीठाने जादा वेळेत त्यांना हरविले. विजेतेपदासाठी २००८ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी आतेनेओने अंतिम फेरीत द ला सालला हरविले. नंतर २००९ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ द ईस्ट, २०१० व २०११ मध्ये फार ईस्टर्न युनिव्हर्सिटी आणि २०१२ मध्ये सांतो तोमास यांच्यावर विजय मिळवीत सलग पाच वर्षे करंडक आपल्याकडे राखला. नव्वदच्या दशकात सांतो तोमासने आणि त्यापाठोपाठ द ला सालने सलग चार विजेतेपदांपर्यंत मजल मारली होती. आतेनेओने ती ओलांडली.

या यशाचे मोल संघाच्या घडणीवरून कळते. विद्यापीठाच्या संघातील खेळाडू पदवी घेऊन निघून जातात. व्यावसायिक संघाप्रमाणे त्यांना करार वाढवून राखून ठेवता येत नाही. २००८ च्या संघातील क्रिस तियू २०१२ मध्ये नव्हता, रबेह अल-हुसेनी व नोनॉय बाक्लाओही नव्हते. ग्रेग स्लॉटर, कीफर रावेना ही नावे मागाहून आली. टिकून राहिली ती पद्धत. ब्लॅक यांच्या संघांचा पाया बचाव हा होता. प्रतिस्पर्ध्याला सोपी फेक मिळू द्यावयाची नाही, चेंडूची उसळी सोडावयाची नाही, मग स्वतःचे गुण थोडे झाले तरी चालेल. अशा खेळात प्रेक्षकांना डोळे दिपविणारे क्षण कमी दिसतात आणि तरुण खेळाडूंना तो पहिल्यांदा कंटाळवाणाच वाटतो. वर्षानुवर्षे नव्या मुलांच्या गळी तो उतरविणे हे शिक्षकाचे काम आहे आणि माझ्या मते ब्लॅक यांची सर्वांत मोठी कामगिरी १९८९ ची नसून ही आहे, जरी क्रीडावृत्तांमध्ये ग्रँड स्लॅमलाच अग्रस्थान मिळत असले तरी.

याच काळात, २०११ मध्ये, इंडोनेशियात झालेल्या आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्या मार्गदर्शनाखालील फिलिपिन्सच्या तरुण संघाने सुवर्णपदक जिंकले. त्या संघात बॉबी रे पार्क्स (धाकटा) हा खेळाडू होता. १९८७ मध्ये ज्या बॉबी पार्क्सने ब्लॅक यांना पहिले विजेतेपद मिळवून दिले, त्याचाच हा मुलगा. वडील ‘आयात’ म्हणून आले होते. मुलगा फिलिपिन्सच्या वतीने खेळला.

टॉक ’एन टेक्स्ट आणि मेराल्को

२०१२ मध्ये ब्लॅक पीबीएत परतले. टॉक ’एन टेक्स्ट या दूरध्वनी कंपनीच्या संघाने आधीची दोन वर्षे चोट रेयेस यांच्या हाताखाली फिलिपिन कप जिंकला होता. ब्लॅक यांनी २०१२–१३ च्या हंगामात अंतिम फेरीत रेन ऑर शाइनचा ४–० असा पराभव करून तो तिसऱ्यांदा राखला. हे त्यांचे पीबीएतील अकरावे विजेतेपद. २०१४ च्या कमिशनर्स कपच्या अंतिम फेरीत मात्र त्यांच्या संघाला सॅन मिग कॉफीने ३–१ असे हरविले. कोन यांच्या दुसऱ्या ग्रँड स्लॅमचा तो मधला टप्पा होता.

त्याच वर्षी ते मेराल्को संघाकडे गेले. मनिलाला वीज पुरविणाऱ्या कंपनीच्या या संघाला तोवर एकही विजेतेपद मिळालेले नव्हते. ब्लॅक यांनी त्याला चार वेळा गव्हर्नर्स कपच्या अंतिम फेरीत नेले आणि चारही वेळा समोर टिम कोन यांचा बारांगाय हिनेब्रा हा संघ उभा ठाकला. हिनेब्रा हा फिलिपिन्समधील सर्वाधिक लोकप्रिय संघ. त्याच्याशी खेळताना कोणत्याही सभागृहातील प्रेक्षक त्याच्याच बाजूचे असतात.

पहिली अंतिम फेरी २०१६ मधली. सहाव्या सामन्यात बरोबरी असताना शेवटच्या क्षणी हिनेब्राचा अमेरिकन खेळाडू जस्टिन ब्राउनली याने तीन गुणांची फेक यशस्वी केली. हिनेब्रा ९१–८८ ने जिंकला आणि त्याचा आठ वर्षांचा विजेतेपदाचा दुष्काळ संपला. २०१७ मध्ये मालिका सातव्या सामन्यापर्यंत लांबली. बुलाकान प्रांतातील प्रचंड फिलिपिन अरीना येथे ५४,०८६ प्रेक्षकांसमोर झालेला तो सामना मेराल्कोने १०१–९६ असा गमावला. २०१९ च्या स्पर्धेची अंतिम फेरी जानेवारी २०२० मध्ये झाली. ती हिनेब्राने ४–१ ने जिंकली. चौथी, एप्रिल २०२२ मध्ये, ४–२ ने. पहिल्या तिन्ही वेळी मेराल्कोचा आयात खेळाडू ॲलन डरहम हा स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट आयात खेळाडू ठरला होता. पुरस्कार मेराल्कोकडे आणि करंडक हिनेब्राकडे, अशी ती वाटणी होती.

ब्राउनली याला २०२३ मध्ये फिलिपिन्सचे नागरिकत्व देण्यात आले. त्याच वर्षी कोन यांच्या मार्गदर्शनाखाली हांगचौ येथे आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या राष्ट्रीय संघात तो होता. ब्लॅक ज्या पिढीत आले, तेव्हा आयात खेळाडूचा असा प्रवास कल्पनेबाहेरचा होता.

कुटुंब

ब्लॅक यांनी फिलिपिन्समध्येच संसार थाटला. त्यांचा मुलगा आरन ब्लॅक आतेनेओकडून खेळला. डिसेंबर २०१९ मध्ये झालेल्या खेळाडूंच्या निवडीत मेराल्कोने त्याला दुसऱ्या फेरीत, एकूण अठराव्या क्रमांकावर घेतले. त्यामुळे पीबीएतील आरंभीची वर्षे तो वडिलांच्याच हाताखाली खेळला. त्याची नोंद पहिल्या दिवसापासून स्थानिक खेळाडू म्हणून झाली.

मेराल्कोनंतर

२०२२ मध्ये मेराल्कोचे मुख्य प्रशिक्षकपद ब्लॅक यांच्याकडून नेनाद वुचिनिच यांच्याकडे व पुढे लुइजी त्रियो यांच्याकडे गेले. १६ जून २०२४ रोजी मेराल्कोने पहिले विजेतेपद मिळविले. फिलिपिन कपच्या अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात १.३ सेकंद उरले असताना क्रिस न्यूसम याने केलेल्या फेकीवर ८०–७८ असा निकाल लागला. न्यूसमला मेराल्कोने २०१५ मध्ये, ब्लॅक यांच्या कारकीर्दीत, निवडले होते. पराभूत संघ सॅन मिगेल होता.